केली ड्राइव्हवरचा होडीतला पुतळा आणि व्हेस्पर बोट क्लब: कुणी सांगेल का?

नदीकाठचा_बाप

नमस्कार मंडळी,

आमची कन्या यंदा नववीत गेली आणि परस्पर शाळेच्या 'क्रू'मध्ये नाव घालून आली. आमच्या सात पिढ्यांत कुणी वल्हं हातात धरलेलं नाही. शनिवारी भल्या पहाटे तिला फिलाडेल्फियात स्कूकिल नदीवर सोडायचं काम अर्थातच माझ्याकडे. ती पाण्यावर असते तेवढा वेळ मी केली ड्राइव्ह या नदीकाठच्या रस्त्यावर येरझाऱ्या घालतो. ग्रँडस्टँडपाशी एक पुतळा आहे, होडीत बसून दोन्ही हातांनी वल्ही मारणारा माणूस. जॉन बी. केली. हॉलिवूडची नटी ग्रेस केलीचे वडील एवढं माहीत होतं, पण त्यांना होडीत का बसवलंय ते काही कळलं नाही.

कोचच्या तोंडी सारखं व्हेस्पर, व्हेस्पर. बोटहाउस रोवर, म्हणजे नदीकाठच्या बोट क्लबांच्या घरांच्या रांगेत, दहा नंबरचं घर त्यांचं. १९००, १९०४ आणि १९६४ अशी तीन ऑलिंपिकची सुवर्णपदकं या एका क्लबच्या आठ जणांच्या बोटीनं आणली म्हणे. आता मला सांगा, पदक देशाचं असतं ना? मग क्लबचं कसं काय? आणि क्लब जर हौशी लोकांचा, तर तिथं ऑलिंपिकवाले काय करतात? शिवाय मे महिन्यात शर्यत बघायला जायचंय. गेल्या वेळी एक शर्यत पाहिली, पण कोण पुढे आहे हेसुद्धा मला शेवटपर्यंत समजलं नाही. नेमकं बघायचं काय?

उलटा_बसलेला

वा, या विषयावर इथं कुणी विचारेल असं वाटलं नव्हतं. आता भोगा.

मी त्याच रांगेतल्या दुसऱ्या एका क्लबात वल्हं मारतो. पन्नाशीनंतर शिकलो, त्यामुळे माझ्याकडून पराक्रमाची अपेक्षा नको. पण पहाटे धक्क्यावर बोट खांद्यावर घेऊन उभं असताना शेजारच्या धक्क्यावरून जी पोरं निघतात ती राष्ट्रीय संघाच्या निवडीसाठी झटत असतात, आणि नदी दोघांना एकच. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं निम्मं उत्तर इथंच आलं.

व्हेस्पर सुरू झाला १८६५ साली, वॉशिंग्टन बार्ज क्लब या नावानं. १८७० मध्ये व्हेस्पर झाला. फेअरमाउंटला धरण बांधल्यामुळे तिथलं पाणी संथ झालं होतं. शहराच्या पाणीपुरवठ्यासाठी केलेल्या कामाचा फायदा वल्हेकऱ्यांना मिळाला. या सगळ्या क्लबांची शिखर संस्था म्हणजे स्कूकिल नेव्ही, १८५८ची. नाव आरमारी असलं तरी कारभार हौशांचा.

सुरुवातीच्या ऑलिंपिकला आजच्यासारखा देशाचा निवडक संघ नसायचा. क्लब जायचे. १९०० साली पॅरिसला सीन नदीवर व्हेस्परची बोट गेली आणि जिंकून आली. १९०४ला सेंट लुइसमध्ये पुन्हा जिंकली, तेव्हा समोर टोरांटोच्या आर्गोनॉट क्लबची एकच बोट होती. म्हणजे दोन बोटींच्या शर्यतीत पहिला नंबर! हे आमच्याकडे कुणी मोठ्यानं बोलत नाही.

आता पुतळा. खरी गोष्ट तिथं आहे, म्हणून जरा ऐसपैस सांगतो.

इंग्लंडात टेम्स नदीवर हेन्ली रेगाटा नावाची शर्यत होते. वल्हेकऱ्यांची पंढरीच म्हणा. तिथं फक्त 'हौशी' खेळाडूंना प्रवेश, आणि हौशी कोण हे ठरवणारा नियम १८७९ पासूनचा. पैशासाठी खेळणारा बाद, हे ठीक. पण त्याच नियमात पुढं असंही होतं की जो मजुरीवर यंत्रकाम, कारागिरी किंवा अंगमेहनतीचं काम करतो, किंवा पूर्वी कधी करत होता, तोही बाद. सबब अशी की हातानं काम करणाऱ्याची ताकद आयतीच कमावलेली असते, बिचाऱ्या साहेबांच्या पोरांवर अन्याय होईल. सबबच ती. खरं कारण म्हणजे गवंडी आणि सुतार आपल्या शेजारच्या लेनमध्ये नकोत.

व्हेस्पर १९०५ मध्ये हेन्लीला गेला. त्या प्रवासाचा खर्च लोकवर्गणीतून झाला होता आणि खेळाडूंना त्यातून पैसे मिळाले असं नंतर बाहेर आलं. हेन्लीच्या कारभाऱ्यांनी १९०६ मध्ये ठराव करून व्हेस्परला दार बंद केलं. पुढं कधीही त्यांची प्रवेशिका घ्यायची नाही.

चौदा वर्षांनी, १९२० साली, व्हेस्परच्या जॉन केलीनं हेन्लीच्या डायमंड स्कल्ससाठी अर्ज केला. एकट्यानं दोन वल्ह्यांनी मारायची ही शर्यत. केली आयरिश घरातला, गवंडीकाम शिकलेला, विटा रचलेला माणूस. अर्ज नाकारला गेला. कारभाऱ्यांच्या नोंदीत दोन्ही कारणं आहेत, व्हेस्परचा सभासद आणि वर अंगमेहनतीचं काम केलेला.

त्या वर्षी डायमंड स्कल्स जिंकली इंग्लंडच्या जॅक बेरेसफर्डनं. बेरेसफर्ड म्हणजे लेचापेचा गडी नव्हे, १९२० ते १९३६ अशा सलग पाच ऑलिंपिकमध्ये त्यानं पदक मिळवलं. काही आठवड्यांनी बेल्जियममध्ये ऑलिंपिक होतं. अंतिम फेरीत केली आणि बेरेसफर्ड एकाच पाण्यात. केली ७ मिनिटं ३५ सेकंद, बेरेसफर्ड ७ मिनिटं ३६. आणि त्यानंतर अर्ध्या तासात केली आपला चुलतभाऊ पॉल कॉस्टेलो याच्याबरोबर पुन्हा बोटीत बसला आणि दुहेरीचंही सुवर्ण घेतलं. दोन हजार मीटर जीव खाऊन मारल्यावर मला दोन तास पायऱ्या चढता येत नाहीत, म्हणून हा अर्धा तास मला त्या एका सेकंदापेक्षा मोठा वाटतो.

जिंकल्यावर केलीनं आपली घामट हिरवी टोपी इंग्लंडच्या राजाला पाठवून दिली, अशी आख्यायिका फिलाडेल्फियात आजही चवीनं सांगतात.

पुढं बांधकामाच्या धंद्यात तो गडगंज झाला. १९३५ मध्ये शहराच्या महापौरपदाला उभा राहिला आणि पडला. त्याचा मुलगा, तोही जॉन केलीच, ग्रेसचा भाऊ, १९४७ साली हेन्लीला गेला आणि तीच डायमंड स्कल्स जिंकला. १९४९ला परत जिंकला. तो मजुरीचा नियम १९३७ मध्ये काढावा लागला होता. आदल्या वर्षी ऑस्ट्रेलियाची आठ जणांची बोट बर्लिन ऑलिंपिकला निघाली होती. सगळे न्यू साउथ वेल्सचे पोलीस, आणि पोलीस हे अंगमेहनतवाले म्हणून हेन्लीनं त्यांनाही अडवलं. त्यावरून भरपूर छी थू झाली.

पुतळा थोरल्या केलीचा. रस्त्याला नाव मात्र धाकट्याचं. तो चार ऑलिंपिक खेळला, १९५६ला कांस्य मिळालं. १९८५ मध्ये सकाळी नदीवर वल्हवून झाल्यावर धावत परतताना वाटेत गेला.

१९६४ राहिलं. जेवून येतो.

गणूमास्तर

माहिती छान आहे, पण गवंड्याची गोष्ट सांगून हा खेळ गरिबांचा होत नाही. एका आठजणी बोटीची किंमत बघा, त्यात चांगली मोटार येते. शाळेचं शुल्क, प्रवास, शिबिरं वेगळीच. आमच्या ओळखीतल्या एका घरानं केवळ कॉलेजच्या प्रवेशाला उपयोग होतो म्हणून पोराला बोटीत बसवलं आणि प्रवेश झाल्याबरोबर उतरवलं. हेन्लीवाल्यांनी नियम काढला, पण बिल तेच काम करतंय असं माझं मत.

उलटा_बसलेला

मास्तर, बिलाचं खरं आहे, नाकारत नाही. म्हणूनच क्लबचं महत्त्व. बोट क्लबची, वल्ही क्लबची, आपण वर्गणी भरायची आणि आठ जणांनी मिळून एक बोट वापरायची. एकट्यानं आठजणीची बोट विकत घेणारा मी अजून पाहिलेला नाही, आणि घेतली तरी ठेवेल कुठे? साठ फुटांच्या आसपास लांबी.

तर १९६४.

१९२० ते १९५६ या काळात आठजणी बोटीचं ऑलिंपिक सुवर्ण दर वेळी अमेरिकेनंच घेतलं, आणि दर वेळी विद्यापीठाच्या किंवा नौदल अकादमीच्या पोरांनी. येल, कॅलिफोर्निया, वॉशिंग्टन अशी नावं. १९६० मध्ये रोमला ही साखळी जर्मनांनी तोडली. त्यांच्यामागे रात्सेबुर्गचा कार्ल अ‍ॅडम होता. पेशानं शाळामास्तर, स्वतः वल्हेकरी नव्हे, पण त्यानं सरावाची पद्धत आणि वल्ह्याच्या पात्याचा आकार दोन्ही बदलून टाकलं.

१९६४च्या अमेरिकन निवड शर्यतीत हार्वर्ड, येल, कॅलिफोर्निया सगळे होते. त्यांना हरवलं व्हेस्परच्या बोटीनं. आणि बोटीत कोण, तर टॉम आणि जो अ‍ॅमलाँग हे दोघे भाऊ, लष्करी अधिकारी. बिल नेक्ट, चौतीस वर्षांचा, पत्र्याच्या कामाचा धंदा, घरी मुलंबाळं. बिल स्टो नौदलातला. एमरी क्लार्क आणि बॉइस बड हे येलमधून बाहेर पडलेले. ह्यू फोली आणि स्टॅन क्विक्लिन्स्की ही ला सॅल कॉलेजची कोवळी पोरं. कोच अ‍ॅलन रोझेनबर्ग, औषधविक्रेता. दिवसभर आपापली कामं करून संध्याकाळी नदीवर भेटणारी माणसं. आपसात फार प्रेम होतं असंही नाही, अ‍ॅमलाँग बंधूंची तोंडं सगळ्यांत तिखट.

टोकियोला पहिल्याच फेरीत जर्मनांकडून हरले, फरक अर्ध्या सेकंदाहूनही कमी. मग रेपेशाज, म्हणजे हरलेल्यांना मिळणारी दुसरी संधी. तिथून अंतिम फेरीत. त्या दिवशी वाऱ्यामुळे शर्यती लांबत गेल्या आणि आठजणी बोटींची पाळी येईपर्यंत अंधार पडला. शेवटी पाण्यावर उजेड पाडायला आकाशात फ्लेअर, म्हणजे जळत प्रकाश देणारे बाण, सोडले. व्हेस्पर जवळजवळ पाच सेकंदांनी पुढे. जर्मनी दुसरी, चेकोस्लोव्हाकिया तिसरी.

त्यानंतर पुरुषांच्या आठजणीचं सुवर्ण अमेरिकेला थेट २००४ मध्ये मिळालं, आणि तेव्हा बोटीत एका क्लबची माणसं नव्हती, राष्ट्रीय संघ होता. देशाची आठजणी एखाद्या क्लबनं आपल्या माणसांनिशी नेणं १९६४ला संपलं ते संपलंच. आता क्लबात येणारे उत्तम खेळाडू तिथं सराव करतात, निवड झाली की राष्ट्रीय शिबिराला जातात. नोकरी आणि सराव यांचं त्रांगडं मात्र आजही तसंच आहे. पहाटे नदी, मग ऑफिस, मग पुन्हा नदी.

तिसरी_सीट

सगळ्या गोष्टीत बाप्येच बाप्ये! म्हणून मी आले.

त्याच रांगेत चौदा नंबरचं घर फिलाडेल्फिया गर्ल्स रोइंग क्लबचं आहे, १९३८ पासून. नवरे नदीवर मजा करतात आणि आपण काठावर डबे घेऊन बसायचं, याला कंटाळलेल्या बायकाही त्यात होत्या. तेव्हा बायकांनी वल्हं मारणं शोभत नाही असं मानणाऱ्यांची कमतरता नव्हती. ऑलिंपिकमध्ये बायकांची रोइंग आली १९७६ साली, मॉन्ट्रियलला. आणि तेव्हाही अंतर पुरुषांच्या निम्मं, हजार मीटर. दोन हजार मीटर मारायची परवानगी मिळायला १९८८चं सोल ऑलिंपिक उजाडलं.

व्हेस्परच्या बाबतीत एक नाव घ्यायलाच हवं, अनिता डीफ्रँट्झ. पेनला, म्हणजे पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात, कायद्याचं शिक्षण घेत असताना ती व्हेस्परकडून वल्हवायची. १९७६ला अमेरिकेच्या आठजणी बोटीत कांस्यपदक. कृष्णवर्णीय मुलगी, वल्हं पहिल्यांदा हातात घेतलं तेच कॉलेजात गेल्यावर. १९८०ला मॉस्कोवर बहिष्कार घालायचं कार्टर सरकारनं ठरवलं तेव्हा तिनं इतर खेळाडूंना बरोबर घेऊन स्वतःच्याच देशाच्या ऑलिंपिक समितीवर खटला भरला. हरली. पण पुढं आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीची सभासद झाली आणि १९९७ मध्ये उपाध्यक्ष.

बाकी हातांना फोड येतील त्याबद्दल कन्येला आत्ताच सांगून ठेवा. हातमोजे घालून कुणी वल्हवत नाही, मूठ नीट फिरत नाही. फोड फुटतात, परत येतात, मग कातडीच जाड होते. मलमं आणून कपाट भरू नका.

नदीकाठचा_बाप

सगळ्यांचे मनापासून आभार. पुतळ्यापुढून आता तसाच निघून जाता येणार नाही.

पण एक अडचण झाली आहे. फोडांचा प्रश्नच आला नाही, कारण काल कोचनं कन्येला कॉक्स केलं. उंची कमी आणि आवाज मोठा, ही दोन्ही खापरं तिच्या आईवर फोडून झाली. म्हणजे बाकीचे आठ जण वल्ही मारणार आणि ही टोकाला बसून ओरडणार? ती हिरमुसली आहे. खरं तर मीही. यात खेळ काय राहिला?

उलटा_बसलेला

अहो, सगळ्यांत महत्त्वाचा माणूस मी मुद्दाम राखून ठेवला होता, बरं झालं विचारलंत.

१९६४च्या त्या बोटीतला कॉक्स रॉबर्ट झिमोन्यी. वय शेहेचाळीस. मूळचा हंगेरीचा. १९४८च्या लंडन ऑलिंपिकमध्ये हंगेरीकडून कॉक्स म्हणून कांस्य मिळवलं होतं. १९५६ला हंगेरीचा संघ मेलबर्नला गेला तेव्हा मागे बुडापेस्टमध्ये सोव्हिएत रणगाडे शिरले होते. झिमोन्यी परत गेलाच नाही. अमेरिकेत आला, व्हेस्परमध्ये रुजला, अमेरिकेचा नागरिक झाला. टोकियोच्या त्या काळोखात आठही जणांची पाठ शर्यतीच्या दिशेला होती, आणि पुढचं दिसणारा बोटीत हा एकटा.

आता काम काय ते सांगतो. वल्हवणारे उलटे बसतात, मी स्वतःला हे नाव घेतलंय ते उगाच नाही. पुढे पुलाचा खांब आहे की दुसरी बोट, आम्हाला काही कळत नाही. कॉक्सच्या हातात दोन दोऱ्या, त्या बोटीखाली असलेल्या तळहाताएवढ्या सुकाणूला जोडलेल्या. सुकाणू फिरवलं की बोटीचा वेग मरतो, म्हणून चांगला कॉक्स ते मोजकंच आणि वल्ही पाण्यात असताना फिरवतो. वल्ही हवेत असताना फिरवलं तर बोट एका अंगाला कलते आणि आठ जण मनातल्या मनात शिव्या देतात. स्कूकिलला वळणं आहेत. वळणावर आतली रेघ धरणारा कॉक्स एकही वल्हं न मारता बोट पुढे काढतो.

आणि ओरडणं म्हणजे घोषणा नव्हेत. तोंडाजवळ माइक असतो, बोटीत जागोजागी स्पीकर. मिनिटाला किती फटके पडताहेत ते समोरच्या यंत्रावर दिसतं. कुणाचं पातं पाण्यात उशिरा शिरतंय ते तिला दिसतं, ते सीटच्या नंबरानं सांगायचं. 'पाच, उशीर.' बस. शेजारची बोट किती मागे पडली तेही सांगायचं, आणि तिथं खोटं बोलायचं नाही. एकदा खोटं बोललं की पुढच्या वेळी आठ जण विश्वास ठेवत नाहीत.

वजनाचं खूळ मात्र घरात शिरू देऊ नका. जागतिक स्पर्धांत कॉक्सचं किमान वजन ५५ किलो आहे, त्याहून हलका असेल तर भरपाईचं वजन बोटीत ठेवावं लागतं. म्हणजे उपाशी राहून काही हाती लागत नाही.

तिसरी_सीट

उलटेरावांशी पूर्ण सहमत. कॉक्स वाईट असला की बोटीतल्या सगळ्यांची सकाळ वाया जाते. मी वल्ही मारली आहेत वर्षानुवर्षं, पण कुणी मला आठजणी घेऊन पुलाखालून काढ म्हटलं तर मी पाय लावून पळेन. तिला सांगा की बोट शेडमधून बाहेर काढतानाही हुकूम तिचाच चालतो. तिच्यापेक्षा हातभर उंच मुली तिच्या शब्दावर बोट डोक्यावर उचलतात. हे एकदा झालं की हिरमुसणं आपोआप जाईल.

उलटा_बसलेला

आणि मे महिन्यात बघायचं काय, ते राहूनच गेलं.

शाळांची मोठी शर्यत म्हणजे स्टोट्सबरी कप, १९२७ पासूनची, अंतर दीड हजार मीटर. ग्रँडस्टँडवर बसलात तर शेवटचा टप्पा समोर येतो. बोटी दिसू लागल्या की आधी टोकं बघू नका. कोन तिरका असतो, त्यामुळे लांबची लेन मागे आहे असं वाटतं आणि तीच जिंकते. तुमचं गेल्या वेळी बहुतेक हेच झालं. त्याऐवजी पाण्यावर उठणारे भोवरे बघा. प्रत्येक फटक्यानंतर पात्याच्या जागी एक गोल भोवरा राहतो. बोट पुढे सरकते आणि पुढचे फटके पडतात. दोन फटक्यांच्या भोवऱ्यांमध्ये मोकळं पाणी जास्त असेल ती बोट खरी पळतेय. काही बोटी नुसती भराभर वल्ही मारतात, फेस उडतो, भोवरे एकमेकांवर चढतात आणि शेवटच्या दोनशे मीटरला दम जातो.

मग पाती बघा. आठ पाती एकदम पाण्यात शिरताना 'चक्' असा एकच आवाज यायला हवा. विस्कटलेला आवाज आला की त्या बोटीत काहीतरी बिनसलंय. एखादं पातं तिरकं शिरून पाण्यात अडकलं तर दांडा उलटा येऊन बरगडीत बसतो. याला 'क्रॅब' म्हणतात. त्या क्षणी कॉक्स काय करते तेही बघा. किंचाळली तर बोट थांबते. शांतपणे दोन शब्द सांगून पुन्हा लय लावून दिली तर चार-पाच फटक्यांत सगळं पूर्ववत.

त्या दिवशी केली ड्राइव्ह बंद असतो, गाडी लांब लावून चालत यावं लागतं. घडीची खुर्ची आणा. आणि पालकांच्या तंबूत स्वयंसेवक म्हणून नाव घातलंत तर खाणंही होईल आणि दुसऱ्या पालकांकडून आतल्या बातम्याही कळतील.

नदीकाठचा_बाप

तंबूत नाव घातलं. झिमोन्यीची गोष्ट रात्री जेवताना सांगितली. कन्येचा पहिला प्रश्न, "शेहेचाळीस म्हणजे तुझ्याएवढा?" दुसरा, अंधारात त्याला फिनिशची रेघ कशी दिसली. आता याचं उत्तर कुणाकडे असेल तर लिहा.